शेपटीची साक्ष

हजीऱ्याच्या बाजूला आम्ही जेमतेम अकरा महिने राहिलो, पण त्या अकरा महिन्यांबद्दल माझ्या डोक्यात जेवढा गोंधळ आहे, तेवढा उरलेल्या सगळ्या आयुष्याबद्दल नाही. लग्न, मुलं, पांडेसऱ्यातली खोली, नंतरचं स्वतःचं घर हे सगळं मला ओळीनं आठवतं. हजीऱ्याचं आठवायला बसलं की एकच गोष्ट दोन तऱ्हांनी आठवते आणि दोन्ही खऱ्या वाटतात. परवा नातीनं विचारलं, "आजी, तू खरंच शार्क पाहिला आहेस?" मी तोऱ्यात म्हटलं, पाहिला काय, डोक्यावर टोपलीत वाहून आणला. आणि ती गेल्यावर मला वाटायला लागलं, मी वाहून आणला तो शार्कच होता ना? की ते दुसरंच काही होतं, ज्याला तिथली माणसं एका घरात एक म्हणायची आणि शेजारच्या घरात दुसरं?

आम्ही मूळचे खानदेशातले. आबा पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये वायरमन होते. वाफेनं आणि रंगाच्या उग्र वासानं त्यांना खोकला धरला होता. त्याच सुमाराला हजीऱ्याकडं कारखान्यांची बांधकामं निघाली आणि एका ठेकेदाराला वायरमन हवा होता. माय म्हणाली, "तठे काय शे? पानी आन गारा." आबा म्हणाले, "हवा शे." एवढ्या बोलण्यावर आमचं बिऱ्हाड हललं. खोली मिळाली ती गुजराती मच्छीमारांच्या वस्तीत, रेवाबेन नावाच्या बाईच्या घराला मागून जोडलेली. रेवाबेनचा नवरा मालवाहू जहाजावर खलाशी होता, वर्षातले आठ-नऊ महिने घराबाहेर. मूलबाळ नव्हतं. खानदेशात आत्याला फुई म्हणतात आणि गुजरातीत फोई, त्यामुळं पहिल्याच दिवशी ती माझी फुई झाली. मायला मात्र ती शेवटपर्यंत 'रेवाबेन'च राहिली, कारण मायचा तिच्यावर राग नव्हता, तिच्या अंगणावर होता.

अंगणात दोऱ्यांवर बोंबील वाळत असत. वारा आला की तो वास आमच्या खोलीत शिरे आणि मायच्या पिठात, पांघरुणात, केसांच्या तेलात जाऊन बसे. माय कळण्याची भाकरी थापताना तोंडाला पदर लावून बसायची. दिवसभर दूर कुठंतरी पाइल, म्हणजे पायाचे खांब, ठोकायचं यंत्र चाले. त्याचा प्रत्येक ठोका आधी जमिनीतून पायाला कळे आणि मग कानाला. रविवारी ते बंद राही तेव्हा आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं वाटे. जेवणावरून मायचे आणि फुईचे मूक सामने चालत. माय डुबुकवड्यांची वाटी पाठवी, फुई ती धुऊन त्यातून काहीतरी परत पाठवी, आणि माय त्यावरचं झाकण न उघडता ती वाटी माझ्यापुढं सरकवी. एकदा मात्र फुईनं मुशी, म्हणजे बारका शार्क, उकडून, तिची खरखरीत चामडी सोलून, लसूण-मिरचीवर भुरजीसारखी परतून पाठवली. काटा नाही, वास नाही. मायनं चार घास खाल्ले आणि मला म्हणाली, "अंडाभुर्जी बरी करस ती बाई."  आमच्या घरात पोटात गेलेल्या गोष्टीचं नाव मागाहून सांगायची पद्धत नव्हती.

शाळा सुटली होती, लग्न ठरायचं होतं, आणि मधल्या काळात पोरीनं काय करायचं याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. म्हणून मी फुईबरोबर चिखलात जायला लागले. त्या किनाऱ्याला ओहोटी लागली की पाणी इतकं मागं हटतं की नजर पुरत नाही. मागं उरतो तो नुसता गुडघाभर, चकाकणारा, राखाडी गाळ. होडी नसलेली, पायी जाऊन मासे धरणारी जी माणसं, त्यांना तिथं पगडिया म्हणत. फुई त्यांच्यातली. गाळात दूरवर खुंट रोवून त्यांना जाळी बांधलेली असे. भरतीबरोबर मासे आत येत आणि ओहोटीला तिथंच अडकत. परत भरती वळायच्या आत जायचं, जाळी झटकायची, टोपल्या भरायच्या आणि घर गाठायचं. पहिल्या दिवशी मी दोनदा बसले, एकदा पूर्ण आडवी झाले. फुई म्हणाली, इथं जमिनीवर चालल्यासारखं चालायचं नाही, पाय ओढत, घासत न्यायचा. म्हणजे खाली कुणी झोपलं असेल तर त्याला उठायला वेळ मिळतो.

खाली झोपलेलं ते कुणी म्हणजे बहुतेक वेळा पाकट नावाचा पसरट मासा. इथून माझा गोंधळ सुरू झाला. मला नावांचा भारी सोस. मी चारशेवीस पानी वही घेऊन तिच्यात रेघा मारल्या: नाव, रंग, काटा आहे की नाही, खातात की नाही. आठ दिवसांत त्या रेघा मोडून पडल्या. हातभर लांबीची असेल तर मुशी, पण तीच माणसाएवढी वाढली की मगरो. बरं, लहान ती सगळी मुशी म्हणावं तर डोक्याला दोन्ही बाजूंनी कान फुटल्यासारखी दिसते ती कानमुशी, आणि ती वाढली तरी कानमुशीच. पाकटाचं तर विचारूच नका. शेपूट लांब की आखूड, पाठ गुळगुळीत की दाणेदार, नाक टोकदार की बोथट, त्यावरून वेगळी नावं. ओलं असताना एक नाव आणि खारवून वाळवलं की निराळं. मधेच एक असा प्राणी जाळ्यात यायचा, पुढून पसरट पाकट आणि मागून सरळ मुशी. मी विचारलं, हा कोण? तर फुईच्या माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, आणि बाजारात विकताना ती तिसरंच सांगायची. ती तिन्ही नावं मी लिहिली होती. ती वही आता नाही आणि नावंही गेली. हल्ली नात मोबाइलवर फोटो काढून माशाचं नाव शोधते. एकच नाव येतं, स्वच्छ, आणि मला त्या मोबाइलचा हेवा वाटतो.

माझी ती वही बघून एकदा फुई खूप हसली. तिला अक्षरओळख नव्हती, पण रेघा कशासाठी आहेत हे तिला कळलं. ती म्हणाली, "छोडी, मोढुं नहीं, पूंछडी जो." तोंड बघू नकोस पोरी, शेपटी बघ. मग तिनं चिखलातच बैठक मारून मला शिकवलं. माशाचं तोंड फसवतं. तोंडावरून सगळे भाऊ-भाऊ दिसतात. शेपटी खरं सांगते. पाकटाची शेपटी चाबकासारखी बारीक आणि तिच्या बुडाशी काटा, म्हणून पाकटाला शेपटीकडून हात लावायचा नाही. मुशीची शेपटी जाड, मांसल, तिच्यावर पंख, आणि अंगावरून डोक्याकडून शेपटीकडं हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर कानसेसारखी. शंका आलीच तर पालथं करायचं: श्वासाच्या फटी कुशीला असतील तर मुशीचं घराणं, पोटाला असतील तर पाकटाचं. म्हणजे तो पुढून पाकट, मागून मुशी दिसणारा प्राणी खरा पाकटाच्याच घरचा. मी म्हटलं, पण शेपटी तर मुशीची आहे, आणि शेपटी खरं सांगते म्हणालीस ना? फुई तो प्राणी टोपलीत टाकत म्हणाली, असतात एखाद्या घरात तशी पोरं.

आणखी एक प्राणी होता, ज्याच्याबद्दल तिनं मला फक्त सांगितलं होतं, दाखवला नव्हता, कारण तो वर्षा-दोन वर्षांतून एखादाच येई. अंग पाकटासारखं गोल, बोजड, तपकिरी; शेपटी मात्र आखूड आणि जाड, तिच्यावर पंख. फुईच्या घरी त्याला झणझणी म्हणत. झणझणीला काटा नाही. तिला शेपटीला धरून उचललं तर ती काही करत नाही, पण अंगावर हात दाबला तर दाखवते. काय दाखवते, हे मी विचारलं नाही. मी वहीत नाव लिहिलं, पुढच्या रकान्यात 'काटा नाही' लिहिलं आणि पान उलटलं.

आबांना या सगळ्याचं कौतुक होतं. संध्याकाळी ते माझ्याकडून नावं म्हणून घेत आणि मायला म्हणत, "देख, आपली सुमी मास्तरीन व्हई." मायच्या मते मी कोळीण होणार होते. एका रविवारी आबा म्हणाले, मी पण येतो. फुईनं त्यांना नवऱ्याची जुनी हाफ पँट दिली. माझा बाप, जो मिलमध्येसुद्धा भांग पाडून जायचा, तो हाफ पँट घालून पोरीच्या मागं चिखलात पाय घासत चालला होता आणि मी त्यांना सांगत होते, आबा, असं नाही, असा पाय ओढा. इतका अभिमान मला पुढं कशाचाच वाटला नाही. फुई पुढच्या जाळीकडं गेली. आमच्या जाळीच्या बुडाशी खोलगट भागात गढूळ पाणी साचलं होतं, त्यात काहीतरी हललं. गोल, तपकिरी, ताटाएवढं. आबांनी विचारलं, "हाई काय शे?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "पाकट. बारकं शे. शेपटीकडून हात नका लावू, काटा ऱ्हास."

आबांनी ऐकलं. शेपटीच्या वाऱ्याला न जाता त्यांनी समोरून दोन्ही तळवे त्याच्या अंगावर दाबले आणि पुढच्या क्षणी ते पाठीवर चिखलात पडले होते. तोंडातून आवाज नाही. डोळे उघडे. मग एकदम म्हणाले, "करंट! सुमी, पानीतून निंघ! पानीमा करंट शे!" मी उडी मारून बाहेर आले. तोवर तो प्राणी गाळ उडवून दिसेनासा झाला होता.

आबा इतके का घाबरले हे कळायला एक गोष्ट सांगायला हवी. त्या जाळीपासून हाकेच्या अंतरावर ठेकेदाराची केबल गाळातून पलीकडं गेली होती, पाया खणलेल्या खड्ड्यातलं पाणी उपसणाऱ्या पंपासाठी. केबल लांबीला कमी पडली म्हणून मधे जॉइंट मारावा लागला होता, आणि तो जॉइंट आबांनी मारला होता, हे मला फार पुढं कळलं. भरती चढत असताना, घाईत. त्यानंतर त्यांनी सुपरवायझरला दोनदा म्हटलं होतं, मेगर आणा, जॉइंट तपासू द्या. मेगर, म्हणजे वायरीतून करंट गळतो का ते तपासायचं यंत्र, दुसऱ्या साइटवर होतं, ते आलं नाही. पाकटाला फक्त काटा असतो, करंट नसतो, हे आबांना त्यांच्या पोरीनंच महिनाभर शिकवलं होतं. मग करंट आला कुठून? फुई धापा टाकत पोचली तोवर आबा उठून साइटच्या दिशेनं निघाले होते, उजवा हात डाव्या हातात धरून.

साइटवर रविवारी फक्त पंप चालू होता. आबांनी स्विच पाडला, तिन्ही फ्यूज काढले आणि ते खिशात घालून घरी आणले. खड्ड्यात पाणी चढायला लागलं तसा सुपरवायझर आमच्या दारात. तो हिंदीत ओरडत होता, आबा खालच्या आवाजात एकच वाक्य म्हणत होते, "जॉइंट खोलो, फिर फ्यूज लो." माय दोघांच्या मधे पाण्याचा तांब्या घेऊन उभी, कुणाला द्यावा हे तिला कळेना. अंगणाबाहेर वस्तीतल्या बाया जमल्या होत्या. पाण्यात करंट आहे म्हणजे चिखलात जायचं की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. त्यांची चूल त्या जाळ्यांवर पेटत होती.

त्या गर्दीत फुईनं मला बाजूला घेतलं. "तू जोयुं ने? पूंछडी केवी हती?" तू पाहिलंस ना? शेपटी कशी होती?

आता इथं मला खरं लिहायचं आहे आणि ते जमेल की नाही माहीत नाही. तो प्राणी गाळ उडवून पळाला तेव्हा मला त्याची शेपटी दिसली होती. आखूड, जाड, वर पंख. मला ती दिसली होती आणि ती पाकटाची नव्हती. पण मी आबांना पाकट सांगून बसले होते. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. खानदेशची ती वहीवाली पोर, जिला सगळी नावं येतात. मी म्हटलं, "पातळी. चाबूक जेवी." बारीक, चाबकासारखी. फुईनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं, मग वळून बायांना म्हणाली, पाकट होतं. पाकट झटका देत नाही. दोन दिवस चिखलात उतरू नका.

पुढचे दोन-चार दिवस मी स्वतःला विचारत राहिले आणि तिथून खरी पंचाईत झाली. बायांपैकी जिनं तिनं मला विचारलं, मी प्रत्येकीला चाबूक सांगितला. मायनं विचारलं, तिला सांगितला. सांगता सांगता मला तो दिसायला लागला. डोळे मिटले की गढूळ पाण्यातून बारीक, काळी, वळवळती शेपटी जाताना दिसे. जाड शेपटी आठवायला गेले तर ती आठवे, पण फुईनं वर्णन केली होती तशी, ऐकलेली; पाहिलेली नव्हे. मला रडू येई. आपण खोटं बोललो हे तरी नक्की आहे ना, एवढंही मला कळेना. आजही, साठी उलटल्यावर, मी शपथेवर सांगू शकत नाही. मी वर लिहिलं की मला शेपटी दिसली होती. लिहिताना खात्री होती. आता पुन्हा वाचलं तर नाही.

सोमवारी ओहोटीला जॉइंट उकरला. सुपरवायझर, दोन मजूर आणि आबा. मी किनाऱ्यावरून बघत होते. आबा उकिडवे बसून बराच वेळ हातातल्या वस्तूकडं बघत राहिले. मग सुपरवायझरनं वस्तीकडं हात करून ओरडून सांगितलं, "सूखा है! एकदम सूखा!" आबा काही बोलले नाहीत, म्हणजे तो कोरडाच असणार असं मी धरलं.  बापानं केबलवर संशय घेतला, भांडण केलं, आणि तो संशय उभा होता माझ्या एका शब्दावर. उघडलाच आहे तर नवा मारा म्हणून दुसऱ्या वायरमनकडून जॉइंट नव्यानं करून घेतला, पंप सुरू झाला, आणि आबांना निरोप आला की पुढचं सांगेपर्यंत घरी बसा. ते खाटेवर बसून बोटांची उघडझाप करत राहिले. मायनं त्या दिवशी शेवभाजी केली, त्यांना आवडते म्हणून. त्यांनी रस्सा ओरपला आणि शेव तशीच ठेवली.

बाया अजून चिखलात उतरत नव्हत्या. वरच्या मोठ्या कंपनीपर्यंत कुणकुण गेली असावी, कारण गुरुवारी सकाळी सुपरवायझर कागद घेऊन आला. आवाज एकदम मऊ. कागदावर आबांच्या नावानं हिंदीत लिहिलं होतं की मला पाण्यात माशाचा झटका बसला, केबलमध्ये काही दोष नव्हता. तो म्हणाला, सही करा आणि उद्यापासून कामावर या. झटका देणारे मासे असतात म्हणे, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ते कुणी सांगितलं हे लगेच कळलं, कारण त्याच वेळी फुई अंगणात शिरली, मांडीपर्यंत चिखलानं माखलेली, डोक्यावर प्लॅस्टिकचा टब. चार दिवस ती एकटी जाळ्यांवर जात होती. माझ्या चाबकावर तिचा विश्वास बसला नव्हता.

टबात खाऱ्या पाण्यात झणझणी होती. गोल, तपकिरी, ताटाएवढी. शेपटी आखूड, जाड, पंखांची. फुईनं तिला शेपटीला धरून थोडं वर काढून सगळ्यांना दाखवलं आणि परत सोडलं. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही, ही तिची दया होती. ती आबांना म्हणाली, "भाई, हाथ मूको. पछी कहो." हात ठेवा, मग सांगा.

अंगणात पंधरा-वीस माणसं. आबांनी बाही वर केली. हात पाण्यात घातला आणि त्या पाठीवर तळवा दाबला. त्यांचा खांदा उडाला, तोंड वाकडं झालं, एक बाई किंचाळली. हात बाहेर काढून ते तो दुसऱ्या हातानं चोळत उभे राहिले. आता त्यांनी फक्त 'हो' म्हणायचं होतं. म्हटलं की काम परत, बाया चिखलात, सगळं पूर्वीसारखं. उघडी पडणार होते ती मी. माझी अगदी तयारी झाली होती. नव्हे, मला तेच हवं होतं. आबांनी सुपरवायझरकडं बघितलं, हातातल्या कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.  आणि म्हणाले, "नहीं साहब. ये वो नहीं है."

फुई टब तिथंच ठेवून आत निघून गेली. सुपरवायझरनं कागदाची घडी घातली. त्यानं त्यावर नंतर कुणाकडून सही करून घेतली, मला ठाऊक नाही. बायांचं मात्र अडलं नाही. फुईनं त्यांना सांगितलं की हा खानदेशी माणूस काहीही म्हणू दे, मी चार दिवस पाण्यात उभी आहे आणि मला काही झालं नाही. महिनाअखेर आम्ही पांडेसऱ्याला परतलो, त्याच मिलमध्ये, त्याच वाफेत. आबांचा खोकला परत आला आणि मग त्यांच्याबरोबरच राहिला. त्या खोकल्याची प्रत्येक उबळ मी मोजायची. बापानं माझा शब्द खाली पडू नये म्हणून कामावर पाणी सोडलं, असं मी समजून चालले. लग्न होऊन दोन गल्ल्यांपलीकडं राहायला गेले तरी रस्त्यावरून त्यांचा खोकला ऐकू आला की हातातलं काम थांबे. नवऱ्याला सांगितलं नाही, मायला सांगितलं नाही. आबांना सांगायचं तर कसं? आभार मानायचे की माफी मागायची?

बोलले ते वीस-बावीस वर्षांनी. माय गेल्यानंतर आबा माझ्याकडं राहत. दुपारची वेळ, आम्ही दोघं जमिनीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. काही कारण नव्हतं. मी एकदम म्हणाले, "आबा, हजीराले तो मासा... शेपटी जाडी व्हती. मी खोटं बोलनी."

"माले माहीत शे," आबा म्हणाले. शेंग सोलणं थांबलं नाही. "शेपटी मी बी देखी व्हती. आन लाइनना करंट धरी ठेवस, सोडत नही. तेन्ही फट फट करीसन सोडी दिधं. पडनू तव्हाच माले समजनं का हाई जनावर शे."

 मी विचारलं, मग करंट-करंट का ओरडलात? फ्यूज का काढले? त्यांनी ते सावकाश सांगितलं, खोकल्यात थांबत थांबत. त्या जॉइंटपायी त्यांना महिनाभर धड झोप नव्हती. घाईत मारलेला, आत पाणी शिरणार हे त्यांच्या हाताला माहीत होतं. उघडून बघू द्या म्हटलं तर कुणी ऐकत नव्हतं. चिखलात पडल्यावर पहिला शब्द आपोआप निघाला. दुसऱ्या वेळी ओरडले ते समजून-उमजून. आणि सोमवारी जॉइंट उघडला तेव्हा तो कोरडा नव्हता. आत पाणी होतं, तांबं हिरवं पडलं होतं. सुपरवायझर सूखा-सूखा ओरडला आणि आबा गप्प राहिले, कारण ओला म्हणावं तर तो मारला कुणी, हे पुढं आलंच असतं. कागदावर सही करणं मात्र त्यांना जमलं नाही. दोष नव्हता, असं लिहून कसं देणार? म्हणून मग, ये वो नहीं है.

म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतंच. मला आधी हसू आलं, मग इतका राग आला की मी सूप ढकलून उभी राहिले. इतकी वर्षं मी तो खोकला माझ्या नावावर लिहून घेत होते. मी ओरडले, "मग माले का नही सांगं? एक शबद सांगता तर!"

आबांनी सांडलेले दाणे एकेक करून गोळा केले, सुपात टाकले. वर बघितलं नाही.

"पोरी," ते म्हणाले, "तू कधी तरी इचारशी का जॉइंट कोनी मारा व्हता, यान्हंच माले भ्याव व्हतं."